ज्वालामुखीची वार्षिक तपासणी

धूर सोडणारा डोंगर बघून इतर लोकांच्या मनात काय येतं, ते मला सांगता येणार नाही. कुणाला कविता सुचत असेल, कुणाला फोटो काढावासा वाटत असेल. माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की याचं सर्टिफिकेट कुठाय? यात माझा काही दोष नाही. मी बॉयलर इन्स्पेक्टर आहे. कारखाना असो, लॉन्ड्री असो की इस्पितळ, जिथे म्हणून पाणी तापवून वाफ कोंडतात तिथे मी जातो, प्रेशर गेजचा काटा बघतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून पाहतो, हातोडीने पत्रा ठोकून त्याचा आवाज ऐकतो, आणि मनासारखं नसलं तर 'बंद करा' म्हणतो. आयुष्यात मला जो काही मान मिळाला तो या दोन शब्दांमुळे. घरी मी ते वापरत नाही, कारण घरी ते चालत नाहीत.

घरी बाईंचं चालतं. बाई म्हणजे माझी बायको. तिने सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली, त्यामुळे आख्खी बिल्डिंग तिला बाई म्हणते, आणि ऐकून ऐकून तिच्या माघारी मीही बाईच म्हणायला लागलो आहे. समोर मात्र 'अगं'वर भागवतो. निवृत्त झाली त्या दिवशी ती फुलांचा गुच्छ घेऊन घरी आली, तो टेबलावर टाकला आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"आज शेवटचा तास होता," ती म्हणाली. "मी मुद्दाम ज्वालामुखी घेतला. छान आकृती काढली. तर मागच्या बाकावरची एक पोरगी विचारते, बाई, तुम्ही खरा बघितलाय का हो?"

"मग?"

"नाही म्हणाले."

"बरोबर आहे. नाहीच बघितलास."

"अहो, ते नाही. ती पुढे म्हणाली, मग तुम्हाला कसं माहीत? उद्धटपणे नाही, अगदी सहज म्हणाली. इतकी वर्षं मी लाल खडूने लाव्हा काढतेय. पण त्याचा वास कसा असतो, आवाज येतो की नाही, तिथली जमीन चपलेतून गरम लागते का, मला काही म्हणजे काही माहीत नाही."

एवढं बोलून तिने चहा गार होऊ दिला. बाई चहा गार होऊ देत नाहीत. मला फार वाईट वाटलं. वाफ, उष्णता आणि दाब या तीन गोष्टींत मी आयुष्य काढलं, आणि तिने एकदा कधीतरी म्हटलं होतं की तुमचा तो बॉयलर दाखवा ना, तेव्हा मी तिला सांगितलं होतं, अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नसतो. ते मला त्या क्षणी आठवलं आणि मी म्हणालो, "जाऊ या आपण. खराखुरा बघू."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, आता या वयात कुठे. पण तिने चपला काढल्या आणि कपाटावरचा नकाशांचा जाडजूड संग्रह खाली ओढला. त्याच्याबरोबर एक रिकामी बरणी, एक छत्री आणि माझा हरवलेला हातमोजा हेही खाली आले.

बेट सापडायला वेळ लागला नाही. उष्ण प्रदेशातलं, चहूबाजूंनी समुद्र, काळी वाळू, भरपूर झाडी, आणि बरोब्बर मधोमध एक धुमसणारा डोंगर. डोंगर शांत स्वभावाचा होता. उगाच उसळणारा नव्हता, पण जिवंत होता. उतारावर जमिनीत भोकं होती, त्यांत बादलीभर पाणी ओतलं की वाफेचा खांब उभा राहायचा. आणि शेजारी एक हॉटेल होतं, जिथे चूलच नव्हती. जमिनीतल्या एका खड्ड्यावर लोखंडी जाळी टाकायची आणि पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर मासे भाजायचे.

ही शेवटची माहिती बाईंनी मोठ्याने वाचली, ही त्यांची चूक झाली. कारण त्या वेळी माझा मेहुणा घरात होता. मेहुण्याचं चष्म्याचं दुकान आहे, पण त्याचं खरं लक्ष जेवणात असतं. तो लग्नाला गेला तर नवरानवरीला नंतर भेटतो, आधी आचाऱ्याला भेटतो.

"ताई, म्हणजे खाली गॅस नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"कोळसा?"

"नाही रे. खाली पृथ्वी आहे."

मेहुण्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, "भाऊजी, मी येतोय. बघण्याचं तुम्ही दोघं बघा. खाण्याची बाजू मी सांभाळतो."

त्याने ती खरंच सांभाळली. दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुकान बंद करून आमच्याकडे यायचा आणि बेटावरच्या हॉटेलांचे फोटो मोठे करून बघायचा. चष्मेवाला असल्यामुळे त्याला फोटोतल्या माशाच्या कल्ल्यावरून तो ताजा आहे का ते कळायचं, असं त्याचं म्हणणं. खड्ड्यावरच्या माशाला धुराचा वास येत नसणार, कारण तिथे धूर नाही; मग त्याला कसला वास येत असेल, हा प्रश्न त्याला झोपू देत नव्हता. बाईंचा प्रश्न वासाचा, मेहुण्याचा प्रश्न वासाचा. माझा प्रश्न अजून पडायचा होता. तो वरच्या मजल्यावरून आला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही 'हवामान खातं' म्हणतो, कारण कुठलीही गोष्ट ठरली की त्यांचा इशारा येतो. जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"लोकरीचे मोजे घेताय ना?" ते म्हणाले. "ज्वालामुखी म्हणजे डोंगर, डोंगर म्हणजे उंची, उंची म्हणजे थंडी."

मी म्हणालो, "पण खालून गरम आहे."

"तेच तर. खालून गरम, वरून गार. माणूस मधोमध आजारी पडतो. आणि काय हो, हा डोंगर शेवटचा फुटला कधी?"

मला माहीत नव्हतं.

"यापुढे कधी फुटणार?"

तेही माहीत नव्हतं.

"कमाल आहे," हवामान खातं म्हणालं. "तुमच्याच खात्यातला विषय, आणि तुम्हीच चौकशी केली नाहीत?"

हे मला लागलं. लॉन्ड्रीचा बॉयलर बघताना ज्याची नजर एका रिव्हेटवरून हलत नाही, त्या माणसाने बायकोला घेऊन जगातल्या एवढ्या मोठ्या बॉयलरच्या तोंडाशी उभं राहायचं, आणि साधी चौकशी करायची नाही? घरी आल्या आल्या मी बेटाच्या पर्यटन कार्यालयाला ईमेल लिहिला.

आता इथे मला स्वतःच्या लिहिण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मला एकाच पद्धतीने लिहिता येतं. लग्न ठरल्यावर मी बाईंना पहिलं पत्र पाठवलं होतं, त्याच्या शेवटी 'त्वरित उत्तर अपेक्षित' असं होतं. तेव्हा या ईमेलमध्येही मी सवयीने सुरुवातीला माझा हुद्दा लिहिला आणि मग सरळ मुद्द्यांना हात घातला. सदर ज्वालामुखीची मागील तपासणी केव्हा व कोणी केली? कमाल दाब किती? सेफ्टी व्हॉल्व्ह कोठे बसवला आहे व तो शेवटचा कधी उडाला? मी अमुक तारखेस प्रत्यक्ष पाहण्यासाठी येत आहे, तरी सर्व तयारी ठेवावी. 'तयारी'चा अर्थ माझ्या मनात टॅक्सी आणि खोली एवढाच होता.

उत्तर आलं ते पर्यटन कार्यालयाकडून नव्हे, खनिज खात्याकडून. अत्यंत नम्र भाषेत लिहिलं होतं, की आपली तपासणीची तारीख नोंदवून घेतली आहे, आपलं स्वागत आहे. मागील तपासणी, दाब, सगळं तक्ता काढून भरलं होतं. सेफ्टी व्हॉल्व्हचा रकाना तेवढा कोरा होता. मी हे बाईंना दाखवून म्हटलं, "बघ, विचारलं की माहिती मिळते. पण व्हॉल्व्हचं यांनी टाळलंय." त्यातले 'आपली तपासणीची तारीख' हे शब्द तेव्हा माझ्या नजरेतून सुटले. दुसऱ्याने केलेली तपासणी मी बारकाईने वाचतो, माझ्या स्वतःच्या तपासणीची मला सवय झालेली आहे.

घोटाळा लक्षात आला तो सहलवाल्याच्या ऑफिसात. तिकिटं, खोल्या आणि बेटावर जाण्याचा परवाना असं सगळं त्याच्याकडे दिलं होतं. त्याने आम्हाला बोलावून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "तुमचा पर्यटकाचा परवाना नाकारलाय."

"का?" बाईंनी विचारलं.

"ते म्हणतात, हे साहेब पर्यटक नाहीत. हे सरकारी तपासणीला येतायत. पर्यटक म्हणून येऊन तपासणी करणं तिथे गुन्हा आहे." मग त्याने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "साहेब, तुम्ही त्यांना लिहिलंत तरी काय?"

मी फोनवर ईमेल दाखवला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला.

"लोक समुद्राकडे खिडकी असलेली खोली मागतात हो," तो म्हणाला.

मी म्हटलं, तपासणी रद्द करा. ते जमण्यासारखं नव्हतं. बेटाच्या नियमाप्रमाणे एकदा नोंदवलेली तपासणी अहवाल आल्याशिवाय बंद होत नाही, आणि अहवाल तपासणी केल्याशिवाय देता येत नाही. सहलवाला या नियमाला हसत होता. मला हसू येईना, कारण आमच्या कार्यालयात हुबेहूब असाच नियम आहे आणि तो मीच सुचवलेला आहे.

परत येताना बाई बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. घरी आल्यावर त्यांनी नकाशांचा संग्रह उचलला आणि पुन्हा कपाटावर ठेवला. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मेहुणा आला, त्याला कळलं, त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "भाऊजी, एक साधा मासा खायचा होता." मी त्या दिवशी नीट जेवलो नाही. माणसाने बायकोला एक गोष्ट कबूल करावी, आणि ती स्वतःच्याच अक्कलहुशारीने घालवावी, यासारखी फजिती नाही.

एकच वाट उरली होती. इन्स्पेक्टर म्हणूनच जायचं. त्यासाठी माझ्या कार्यालयाची परवानगी हवी होती, आणि ती मागायच्या आधीच बेटाच्या खनिज खात्याने आमच्या साहेबांना आभाराचं पत्र पाठवून दिलं होतं. साहेबांनी मला आत बोलावलं.

"तुम्ही परदेशातला डोंगर तपासायला घेतलात?" त्यांनी विचारलं. "मला न विचारता?"

मी सगळं सांगितलं. अगदी मागच्या बाकावरच्या पोरीपासून. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग उघडून म्हणाले, "डोंगर आपल्या हद्दीत येत नाही."

"नाही साहेब."

"पण वाफ आहे."

"आहे साहेब."

"मग अभ्यासदौरा म्हणून टाका. स्वखर्चाने. आणि काय हो, आपल्या खात्यातून याआधी ज्वालामुखी कुणी तपासलाय?"

"माझ्या माहितीत नाही."

साहेबांचा चेहरा खुलला. वार्षिक अहवालात हे कुठल्या पानावर येईल, याचा त्यांनी त्याच क्षणी विचार सुरू केला असावा. बाई आणि मेहुणा यांची नावं 'तपासणी पथक' या मथळ्याखाली घालायला त्यांनी ना म्हटलं नाही.

बिल्डिंगमध्ये ही बातमी हवामान खात्याने पसरवली. आपल्या खालच्या मजल्यावरचे साहेब ज्वालामुखी तपासायला चाललेत, असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगत. लोक जिन्यात मला वाट देऊ लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मी एक पांढरी टोपी विकत घेतली, कडेकडेने काठ असलेली. हवामान खात्याने निघताना मला लोकरीचे मोजे दिले आणि म्हणाले, "येताना एक दगड आणा. शक्यतो गार."

बाईंनी नकाशे पुन्हा खाली काढले होते. विमानात त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "अहो, आपल्याला आधी धूर दिसेल की डोंगर?"

धूर दिसला. समुद्रातून एक बारीक करडी रेघ वर गेली होती, आणि ती बघून बाईंनी माझा हात धरला. लोकांसमोर त्या असं करत नाहीत.

विमानतळावर खनिज खात्याचे अधिकारी आम्हाला घ्यायला आले होते. जाडसर, घामाघूम, हातात छत्री. त्यांची भाषा वेगळी, आमची वेगळी, मधल्या एका मोडक्यातोडक्या तिसऱ्या भाषेत आमचं भागत होतं. ते मला इतके वाकून भेटले की मी मागे वळून पाहिलं. मग त्यांनी आम्हाला गाडीत घातलं आणि गाडी डोंगराकडे निघाली. दोन्ही बाजूंना झाडी, मधून काळा रस्ता, आणि हवेत एक वास.

"हाच का ज्वालामुखीचा वास?" बाईंनी मला हळूच विचारलं.

मी हुंगलं, आणि खात्री करायला पुन्हा हुंगलं. तो वास मी ओळखला होता. प्रत्येक कारखान्याच्या दारात मला तोच वास येतो. तो ताज्या ऑइलपेंटचा होता.

याचा अर्थ ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की जगातला कुठलाही मालक एकच गोष्ट करतो. तो बॉयलर बंद करतो, थंड होऊ देतो, फरशी धुतो, कठड्यांना रंग मारतो आणि कामगारांना धुतलेले कपडे घालायला लावतो. इन्स्पेक्टरला काहीही चालू अवस्थेत दिसता कामा नये, म्हणजे त्याला काही बोलायला जागा राहत नाही. नोकरीत मी अशा कितीतरी गारठलेल्या, चकचकीत बॉयलरांना भेटलो आहे.

आणि तसंच होतं. डोंगराकडे जाणाऱ्या पायवाटेचं फाटक पिवळंधमक रंगवलेलं होतं आणि त्याला कुलूप होतं. वाफेच्या भोकांवर लोखंडी झाकणं बसवली होती आणि झाकणांवर वाळूची पोती रचली होती. पर्यटकांना सुट्टी दिलेली होती. हॉटेलातला तो प्रसिद्ध खड्डा झाकून त्यावर पांढरी चादर अंथरली होती, आणि टेबलावर आमच्यासाठी काकडीचे सँडविच ठेवले होते. मेहुण्याने सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. त्याने एक सँडविच उचललं, त्याच्या आत बघितलं, आणि परत ठेवलं.

"पाहा," अधिकारी अभिमानाने म्हणाले. "सगळं बंद. कुठे जरासुद्धा वाफ नाही." मग त्यांची नजर वर शिखराकडे गेली, तिथून ती बारीक रेघ निघत होती, आणि ते ओशाळले. "तेवढं मात्र बंद करता आलं नाही. माफ करा."

फाटक उघडून वर जायचं विचारलं, तर ते म्हणाले, साहेबांच्या सुरक्षिततेसाठी वर जाणं बंद ठेवलंय, पण काळजी नसावी, सगळं इथेच दाखवायची सोय केली आहे. त्यांनी आम्हाला कार्यालयात नेलं आणि एका टेबलावरचं फडकं बाजूला केलं. खाली प्लॅस्टरचा डोंगर होता. मधोमध कापलेला. आत नळी, नळीत लाल रंग, वर तोंड, बाजूला थर. आमच्या बाईंनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली तीच आकृती.

बाई त्या डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या. समुद्र ओलांडून, विमान बदलून, त्या पुन्हा आपल्याच वर्गात येऊन पोचल्या होत्या.

"लाव्हा जरा फिका आहे," त्या एवढंच म्हणाल्या. मग एका खुर्चीत बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. गाडीची वाट बघणारं माणूस बसतं तसं.

मला ते बघवेना. मागच्या बाकावरची पोरगी आता मला दिसायला लागली होती. मग तुम्हाला कसं माहीत? मी टोपी नीट केली, घसा साफ केला आणि अधिकाऱ्यांना म्हणालो, "चालू करा."

मी ते बोललो खरं, पण माझ्याच कानांना ओळखू आलं नाही. सगळ्या नोकरीत मी हे दोन शब्द कधी उच्चारले नव्हते.

"चालू?" अधिकारी म्हणाले.

"थंड स्थितीत तपासणी ग्राह्य धरता येत नाही. झाकणं काढा. फाटक उघडा. तो खड्डा पेटवा, म्हणजे, त्याच्यावरची चादर काढा. सगळं नेहमीसारखं चालू पाहिजे, नाहीतर मला अहवाल देता येणार नाही."

अहवाल मिळणार नाही, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. अहवालाविना फाइल बंद होत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्यांनी एक शेवटचा प्रयत्न करून बघितला.

"पण वर फक्त अधिकृत व्यक्तींना नेता येईल. पथकात या बाई कोण?"

"या माझ्या वरिष्ठ आहेत," मी म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"आणि हे?"

मेहुणा पुढे झाला. "मी भट्टी विभाग," तो म्हणाला.

मग पोती हलली, झाकणं निघाली, कुलूप उघडलं. पिवळ्या फाटकाचा रंग माझ्या पँटला लागला, तरी मी थांबलो नाही. बाई पुढे आणि आम्ही मागे. थोडं वर गेल्यावर झाडी संपली, काळी खडी लागली, आणि बाई थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "लागते."

"काय लागतं?"

"जमीन. चपलेतून गरम लागते."

आणि त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, आणि एक पाय टेकवून झटकन उचलला, आणि हसल्या. मग दुसरा टेकवला. काड्यापेटीतली काडी ओढल्यावर येतो तसा एक वास येत होता, त्यांनी दोनतीनदा छाती भरून घेतला. आवाजही येत होता, पण कुठून ते सांगता येत नव्हतं. आधी कानाला कळत नव्हता, पायाला कळत होता. त्या वाकून दगडाला कान लावत होत्या, मग मला लावायला सांगत होत्या, आणि मी पांढऱ्या टोपीसकट जमिनीवर ओणवा झालो होतो. मलाही आता राहवत नव्हतं. मी खिशातली हातोडी काढून दगडावर ठोकून बघितली. आवाज भरीव होता.

वाफेच्या भोकाशी एका कामगाराने बादली ओतली. मधे एक क्षण काहीच झालं नाही. मग जमिनीतून असा काही फूत्कार उठला आणि पांढरा खांब आभाळात गेला, की माझ्या अंगात मुरलेली सगळी नोकरी जागी झाली. माझी टोपी उडाली, आणि शुद्धीवर आलो तेव्हा मी बाईंच्या पाठीमागे उभा होतो आणि त्यांचा खांदा दोन्ही हातांनी धरलेला होता. बाई जागच्या हलल्या नव्हत्या. चेहऱ्यावर पाणी उडालं होतं ते त्यांनी पुसलंही नाही.

"अजून एकदा," त्यांनी कामगाराला सांगितलं. वर्गात सांगायच्या त्याच आवाजात. त्याला भाषा येत नव्हती, पण त्याने बादली उचलली.

तोंडाशी पोचलो तेव्हा मेहुणा खालीच राहिला होता. त्याला हॉटेलातून वास आला होता, आणि कसला वास येतो हे त्याला एकदाचं कळायचं होतं. आम्ही दोघं कठड्याशी उभे राहिलो. खूप खाली, काळ्या कातळाच्या भेगेत, एक लाल रेघ दिसत होती. जरा उजळायची, जरा मंदावायची. बाईंच्या खडूपेक्षा गडद होती. बाईंनी कठड्यावर हात टेकून ती डोळे भरून पाहिली. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांना विचारलं होतंत ना, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठाय म्हणून?"

"हो. त्यांनी रकाना कोरा ठेवला."

"हा काय."

"कुठे?"

"अहो, तुम्ही उभे कशावर आहात? हा सगळा डोंगरच तो. बॉयलर खाली आहे."

मी खाली बघितलं. वाफ सुटताना मी नेहमी तिच्याकडे पाठ केली, कारण माझ्या धंद्यात वाफ सुटली म्हणजे काहीतरी चुकलं. ती सुटते म्हणून बाकीचं सगळं शाबूत राहतं, हे मला पाठ होतं. शेजारी बाईंसारखं माणूस उभं असताना ते बघणं वेगळं होतं. मला फार बरं वाटलं, आणि मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "टोपी गेली ते चांगलं झालं."

खाली मेहुणा बसला होता. त्याच्यापुढे साफ केलेला माशाचा काटा होता आणि तो शांत होता. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या ओढल्या आणि कसा होता ते सांगितलं नाही. नुसतं आमच्या ताटांकडे बोट दाखवलं.

विमानतळावर अधिकारी अहवालाचा कागद घेऊन थांबले होते. मी मुद्दे भरले. वाफ, दाब, आवाज, सगळं समाधानकारक. सेफ्टी व्हॉल्व्हच्या कोऱ्या रकान्यात 'आहे' असं लिहिलं. शेवटी शेरा लिहायचा होता, तिथे मी नोकरीत अनेकदा लिहिलेलं, पण कधी इतक्या मनापासून न लिहिलेलं वाक्य लिहिलं: चालू ठेवण्यास हरकत नाही.

"वरिष्ठांचीही सही लागेल," अधिकारी म्हणाले, आणि कागद बाईंपुढे केला.

बाईंनी पेन घेतलं. माझ्या शेऱ्याखाली त्यांनी आपल्या लिपीत, फळ्यावर लिहितात तशा गोल, टपोऱ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले आणि खाली सही केली. अधिकाऱ्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय लिहिलंय?" त्यांनी मला विचारलं.

मी वाचलं. 'प्रत्यक्ष पाहिले.'